सूनबाईंचं ऐकलं असतं तर...

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या अकोल्याकडे त्या दिवसांत पारा 45 अंशांपर्यंत चढतो. सूनबाईंना आठवा महिना होता. तपासणीसाठी त्यांना तालुक्याला न्यायचं होतं. मुलगा बाजार समितीत गेलेला, म्हणून गाडी मीच काढली. सोबत आमच्या सौ. होत्या.

आठ दिवस आधीच सूनबाई म्हणाल्या होत्या, "मामाजी, गाडी पळते तोवर एसीचा वारा गार येतो, उभी राहिली की गरम."

मी म्हणालो, "गॅस कमी झाला असेल. चण्याचे पैसे आले की भरू." आणि विसरून गेलो.

वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. पुढे दोन ट्रॅक्टर, मागे एसटी. पाचच मिनिटांत एसीतून भट्टीसारखा वारा येऊ लागला. काटा लाल रेषेला टेकला होता. मी एसी आणि इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. आत फसफस चालली होती. फडकं घेऊन रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तोच सूनबाई ओरडल्या, "मामाजी, हात लावू नका!"

माझ्या मनगटावर भाजल्याचा पांढरा डाग आहे. वीस वर्षांपूर्वी जीपचं टोपण असंच उघडलं होतं. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून 100 अंशांवर जाऊनही ते उकळत नाही. टोपण ढिलं झालं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी वाफेसकट अंगावर उसळतं. एकदा पोळूनही माणूस घाईत विसरतो, तो असा!

मागच्या एसटीच्या वाहकानं दोघींना जागा करून दिली. गाडी कडेला ढकलून मी बाभळीखाली बसलो. दवाखान्यातून 'सारं ठीक आहे' असा फोन येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता.

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याचा पहिलाच प्रश्न, "गाडी उभी असली की एसी गरम हवा फेकतो का?" मी मान खाली घातली.

त्यानं दाखवलं. पुढे एसीची जाळी, तिच्यामागे रेडिएटर, आणि दोन्हींना वारा घालणारा पंखा एकच. गाडी पळताना वारा आपोआप मिळतो, उभी राहिली की सारी भिस्त पंख्यावर. आमच्या पंख्याची वायर जळाली होती, शिवाय दोन्ही जाळ्यांच्या मध्ये हरभऱ्याचा भुसा भरला होता. गॅस कमी असता, तर पळत्या गाडीतही वारा धड गार आला नसता. उलट गाडी पळतानाच तापत असेल, तर कूलंट कमी आहे का, रेडिएटर आतून क्षारांनी चोंदलाय का, ते पाहावं लागतं. म्हणून बोअरचं पाणी त्यात ओतत राहू नये.

वाचकहो, उन्हाळ्यापूर्वी एवढं कराच. इंजिन सुरू करून एसी लावा आणि हात लांब ठेवून पंखा फिरतो का ते पाहा. बहुतेक गाड्यांत तो थोड्याच वेळात फिरू लागतो. खळ्यावरून आलेल्या गाडीची जाळी पाण्याच्या हलक्या धारेनं धुवा.

दुरुस्तीला गॅस भरण्याच्या निम्मेही पैसे लागले नाहीत. पुढे महिन्याभरानं नात झाली. आता सूनबाई गाडीबद्दल काही म्हणाल्या, की मी आधी बॉनेट उघडतो, मग तोंड.