रात्रीची एक ओळ

नवरात्र उठलं की आमच्याकडे दिवाळी अंकाची धांदल. यंदा नेमका त्यातच डेंग्यू झाला. ताप उतरला, पण अंगात त्राण नव्हतं आणि तपासायच्या मुद्रितांचा ढीग घरी येऊन पडलेला. डोळे ओळींवर असायचे, मनात मात्र उरलेली पानंच घोळायची.

एमन्स आणि मॅककला या मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास आठवला. काहींनी कृतज्ञता वाटावी अशा गोष्टी लिहायच्या, काहींनी कटकटी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक बरं वाटलं. मग मीही निजण्यापूर्वी एक ओळ लिहू लागले.

शेजारच्या काकू रोज मऊ भात पाठवायच्या. झाकण उघडलं की आतून वाफेचे थेंब ओघळायचे; भातावर मेतकूट, मधोमध खळगा करून तूप सोडलेलं. तो खळगा कुणीतरी चमच्याच्या पाठीने निगुतीने केलेला असतो, हे लिहिताना जाणवलं आणि गळा दाटून आला.

दुसऱ्या दिवशी वेग वाढला नाही. पण पान सावकाश वाचता आलं, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आपसूक दिसू लागल्या. मुद्रितामागचा अक्षरजुळणी करणारा माणूसही दिसू लागला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. त्याचे खिळे कुणाच्या बोटांनी जुळवले असतील?

अंक आता छपाईला जाईल. पहिली प्रत काकूंना द्यायची आहे. देताना काय बोलावं, ते अजून सुचत नाही.