खिळा रुतला तर बी, नातू झाला तर डी

मुलीच्या बाळंतपणासाठी मी केलेल्या यादीत डिंक, आळीव, खारीक आणि मऊ सुती दुपटी होती. तिच्या यादीत पहिलं कलम होतं आईबाबांच्या लशींचं. डांग्या खोकल्याची लस घेतल्याशिवाय बाळाला हातात घ्यायचं नाही, असं तिने आम्हाला बजावूनच ठेवलं होतं. हे 2021चं. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि दोघंही पासष्टी ओलांडलेले, म्हणजे मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यातले. ह्यांना रक्तदाबाच्या तपासणीला डॉक्टरांकडे जायचंच होतं. तिथेच त्यांनी टीडॅप टोचून घेतली. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींवर ती एकच लस.

पुढे घरी बिल आलं. लशीची पूर्ण किंमत आणि वर टोचण्याची फी.

"अगं, आयुष्यभर पगारातून मेडिकेअरचे पैसे कापून दिले ते कशासाठी?" ह्यांचा पारा चढला. फोन मीच लावला. घरातली विम्याची फाइल माझ्या ताब्यात असते, ह्यांना धीर नाही. बिलिंगच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ही लस पार्ट डीमध्ये येते आणि आमच्या दवाखान्यातून पार्ट डीला बिल जात नाही. पैसे भरा, पावती तुमच्या प्लॅनकडे पाठवा, ते देतील तेवढे देतील. हे टोचण्याआधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी मला होल्डवर टाकलं आणि नंतर फोन कटला.

मग मी मेडिकेअरची पुस्तिका घेऊन बसले. पार्ट बी म्हणजे सरकारी विम्यातला डॉक्टर आणि तपासण्यांचा भाग. त्यात कुठल्या लशी येतात हे कायद्यानेच ठरवून दिलंय. न्यूमोनियाची 1981 पासून, फ्लूची 1993 पासून, कोविडची 2020 पासून. यांना कधीच पैसे पडत नाहीत. हिपॅटायटिस बीचीही नोंद तिथेच आहे. कायद्यात जिचं नाव नाही ती लस जाते पार्ट डीकडे. ही औषधांची योजना 2006 ला सुरू झाली, ती खासगी कंपन्यांमार्फत चालते आणि तिचा सगळा हिशेब औषधदुकानाच्या संगणकावर होतो. म्हणून फार्मसीत कार्ड दाखवलं की काम जागच्या जागी होतं आणि दवाखान्यात तीच लस घेतली की पावत्या पाठवत बसावं लागतं.

गंमत पुढेच आहे. ह्यांच्या पायात गंजका खिळा रुतला असता आणि त्यासाठी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं असतं, तर ते पार्ट बीमध्ये गेलं असतं, कारण तो जखमेवरचा उपचार. नातू होणार म्हणून घेतली, तर ती प्रतिबंधक आणि म्हणून डी. हे मी ह्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आधी खिळा शोधायला हवा होता."

माझी टीडॅप मी फार्मसीत घेतली. तिथेही फुकट नव्हती, माझ्या प्लॅनप्रमाणे चाळीसेक डॉलर पडले. पण निदान आकडा आधी कळला.

त्याच सुमारास आमच्या भजनी मंडळातल्या एका मैत्रिणीला नागीण उठली. कमरेपासून पोटापर्यंत फोड आणि नुसता कपडा लागला तरी आग आग. लहानपणी गावाकडे ऐकलेलं, की नागिणीने पूर्ण वेढा घातला तर माणूस वाचत नाही. ते खरं नाही, पण फोड सुकल्यावरही महिनोन्महिने तिची नस ठणकत राहिली ते मात्र डोळ्यांनी पाहिलं. नागिणीवर शिंग्रिक्स नावाची लस आहे, दोन डोसांची. तीही पार्ट डीवाली. माझ्या प्लॅनला वरची कपात होती, म्हणजे सुरुवातीचे काही शे डॉलर आधी आपण भरायचे. फार्मसीत विचारलं तर एका डोसचे दीडशेच्या वर सांगितले. बघू, म्हणून मी घरी आले. माझ्यासारखं 'बघू' म्हणणारे मंडळात निम्मेअधिक होते, आणि त्यातले कोणी गरीब नव्हते.

ऑगस्ट 2022 मध्ये बायडन यांनी इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टवर सही केली. बातम्यांमध्ये सगळा गाजावाजा इन्सुलिनच्या किमतीचा. त्याच कायद्यातलं एक कलम असं होतं, की 1 जानेवारी 2023 पासून प्रौढांसाठी शिफारस झालेल्या पार्ट डीमधल्या लशींना रुग्णाने एक सेंटही द्यायचा नाही. कपात नाही, कोपे म्हणजे दर वेळचा आपला वाटाही नाही. मला हे कळलं ते काउंटरवरच्या गुजराती फार्मसिस्टकडून. "आंटी, अब ज़ीरो है, ले लो."

त्या जानेवारीत शिंग्रिक्ससाठी मी फार्मसीतल्या खुर्चीवर बसले. फ्लूच्या वेळी त्या फार्मसिस्टला लाल-पांढरं-निळं मेडिकेअर कार्ड लागायचं, या वेळी ते बाजूला ठेवून औषधांच्या प्लॅनचं कार्ड मागितलं. एका कुपीत पांढरी भुकटी, दुसरीत पातळ औषध. तिने एकातलं दुसऱ्यात सोडलं, हलकेच फिरवलं, उजेडात धरून पाहिलं आणि दंडात टोचलं. रात्री हुडहुडी भरून ताप आला आणि दुसऱ्या दिवशी हात वर करून वेणी घालवेना. दुसऱ्या डोसलाही तेच. पण पावतीवर 0.00 होतं. नागिणीपेक्षा एका रात्रीचा ताप परवडला.

याच काउंटरवर पुढच्या शरद ऋतूत माझी वहिनी उभी होती. नाशिकहून सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेली, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. मी पासष्टीवरच्यांसाठीची जास्त ताकदीची फ्लूची लस घेतली, माझे शून्य झाले. तिला त्याच लशीचे शंभर डॉलरच्या आसपास सांगितले. प्रवासी विम्यात लस बसत नाही. समजा ग्रीन कार्ड मिळालं, तरी इथे नोकरी न केलेल्या माणसाला सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअरमध्ये शिरता येत नाही, आणि शिरल्यावर दर महिन्याचा हप्ता आहेच. वहिनीने मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले आणि म्हणाली, "वन्सं, मी नाशिकला घेईन."

नाशिकला घेतली खरी, फ्लूची. स्वतःच्या पैशाने. तिच्याकडे आता सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, ऑक्टोबर 2024 मध्ये योजना सुरू झाल्यावर भावाने रांगेत उभं राहून दोघांचीही काढून आणली. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण दवाखान्यात भरती झालात तर. न्यूमोनिया होऊन अ‍ॅडमिट झाली तर खर्च सरकारचा, न्यूमोनिया होऊ नये म्हणून घ्यायची लस मात्र तिच्या खिशातून. शिंग्रिक्स तिथेही 2023 पासून मिळते, एक डोस दहा हजारांच्या वर. भाऊ तिला घे म्हणतोय. दोन डोसांच्या पैशात गॅलरीला जाळी बसेल, असं तिचं म्हणणं आहे आणि सध्या तरी जाळीचं काम सुरू झालंय.