बिल्ड नंबरवर सात टिचक्या

सेटिंग्ज उघडा, खाली सरकत सरकत अगदी तळाचं ‘अबाउट फोन’ गाठा. तिथे ‘बिल्ड नंबर’ अशी एक ओळ आहे, कुणी ढुंकूनही बघणार नाही अशी. तिच्यावर सात टिचक्या मारा. तीन-चार झाल्या की फोन सांगायला लागतो, अजून तीन, अजून दोन, आणि सातवीला चक्क जाहीर करतो की तुम्ही आता डेव्हलपर आहात! घरी सेट-टॉप बॉक्स रुसला की शेजारच्या मुलाला हाक मारणारी मी, डोंबिवलीला गाडीत चढले तेव्हा साधी पासधारक होते आणि ठाणं यायच्या आत डेव्हलपर झाले. आणि त्यानंतर जे झालं त्याने मी लेडीज डब्यात ‘अय्या!’ म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडले की चौथ्या सीटवर टेकलेली बाई दचकून उठून उभी राहिली. तेवढी जागा मला मिळाली, हा वरचा फायदा.

झालं असं होतं की माझ्या ब्लूटूथ बड्समध्ये आवाजच पुरत नव्हता. हेडफोन म्हणा, बड्स म्हणा, दुखणं एकच. फोनचा पट्टा टोकाला नेला तरी पु.लं.चं कथाकथन गाडीच्या खडखडाटात विरघळून जायचं. त्यात पुलंची मजा अशी की बरीचशी ध्वनिमुद्रणं प्रेक्षकांसमोरची. ‘म्हैस’ घ्या, ‘अंतू बर्वा’ घ्या, ते आवाज खाली आणून हळूच काहीतरी टाकतात आणि पुढच्या क्षणी अख्खं सभागृह फुटतं. मला सभागृह ऐकू यायचं, पुलं नाही. लोक कशाला हसले ते कळायला मला घरी जावं लागायचं!

भाच्याला व्हॉट्सॲप केलं. त्याचं उत्तर आलं, “मावशी, तू आधी ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद कर, मग बोलू.” मी लिहिलं, “अरे, मला व्हॉल्यूम वाढवायचाय, बंद काय करतोस?” त्यावर त्याने हसणारे चेहरे पाठवले आणि मग तो सात टिचक्यांचा मंत्र दिला. सॅमसंगच्या फोनात ही ओळ ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’च्या पोटात असते, शाओमीत ओएस व्हर्जनच्या ओळीवर टिचक्या माराव्या लागतात, पण सातचा हिशेब सगळीकडे तोच. मग सेटिंग्जमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ नावाची लांबलचक यादी उगवते. तिच्यातलं बाकी काही छेडायचं नाही अशी तंबी मिळाली होती. खाली ब्लूटूथच्या ओळींपाशी ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ हे बटण सापडलं. ते चालू केलं, बड्स डबीत टाकून परत बाहेर काढले, म्हणजे जोडणी नव्याने होते, आणि पुलं थेट माझ्या कानाशी येऊन बसले.

आता हे का झालं ते ऐका, कारण मला ते ऐकून आणखीच भारी वाटलं. 2015 साली आलेल्या अँड्रॉइड 6 पासून फोन आणि ब्लूटूथ हेडफोन यांचा व्हॉल्यूम एकत्र बांधलेला असतो. फोन गाणं पूर्ण ताकदीने पाठवतो आणि सोबत 0 ते 127 मधला एक आकडा कळवतो, की बाबा, एवढ्या आवाजात वाजव. बऱ्याच फोनांवर आपल्याला दिसतात त्या 15 पायऱ्या. त्या या आकड्यांवर बसवलेल्या असतात. पण त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा हे हेडफोन बनवणाऱ्याच्या मर्जीवर! काही बड्स 127 ऐकूनही हात आखडता घेतात, काही पहिल्या दोन पायऱ्यांतच कान फोडतात. ते बटण चालू केलं की ही बांधाबांध सुटते. गच्चीवरच्या टाकीचा कॉक वेगळा, मोरीतला नळ वेगळा, आणि दोन्ही आपल्या हातात. माझ्या बड्सवर बोट दाबून धरलं की त्यांचा स्वतःचा आवाज वाढतो. आजवर ते बोट मी फक्त गाणं थांबवायला वापरत होते. बड्सचा नळ पूर्ण सोडला, फोनचा कॉक अर्ध्यावर ठेवला, तरी पूर्वीच्या दुप्पट वाटला आवाज.

एक गोष्ट मात्र आधी करा: बटण दाबायच्या आधी फोनचा पट्टा अगदी खाली आणा. दोन्ही टोकाला असताना जोडणी झाली तर पहिला ठोका कानात सुरुंगासारखा बसतो. आणि काही बड्सना हे बटण मानवतच नाही. तसं दिसलं तर परत पूर्ववत करा, काही बिघडत नाही.

इथे थांबायला हवं होतं, पण एकदा हात लागला की थांबवतं कोण! मी भाच्याला विचारलं, “आणखी?” तो म्हणाला, “आणखी म्हणजे काय गं, गाणंच मुळात हळू पाठवलं जात असेल तर?” आणि खरंच, स्पॉटिफाय सगळी गाणी एका पातळीला आणून ठेवतं, उणे 14 एलयूएफएस असं त्या पातळीचं माप आहे. पैसे भरणाऱ्यांना सेटिंग्जमध्ये ‘लाउड’ निवडता येतं, मग ती उणे 11 होते. तीन डेसिबल म्हणजे कागदावर पॉवर दुप्पट. कानाला मात्र दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर! हे गणित कळलं तेव्हा मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे पट्ट्यावरची शेवटची पायरी चढून आपण जो जीव टाकतो, त्यात हाताला फार थोडं लागतं.

यूट्यूबवर ‘स्टेबल व्हॉल्यूम’ आहे, चाकाच्या चिन्हात आत शिरलं की दिसतं. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर ते कमी करतं. पुलंसाठी रामबाण: टाळ्या-हशा आटोक्यात, पुलं वर. पण ख्याल ऐकताना ते बंदच करा. विलंबितातून द्रुत तानेपर्यंतची चढण जर सपाट करून हातात दिली तर मग गायकाने चढायचं कशाला?

प्ले स्टोअरवर ‘व्हॉल्यूम बूस्टर’ म्हणून जे ढीगभर पडलंय त्याबद्दल माझं मत आता पक्कं आहे: नको. अँड्रॉइडमध्येच 4.4 आवृत्तीपासून आवाज फुगवायची एक सोय आहे, तिच्यावरच ही ॲप्स मीटर, सुया आणि जाहिराती चिकटवतात. डिजिटल आवाजाला एक छत असतं. गाण्याचे कळस आधीच छताला टेकलेले असतील तर वर ढकलल्यावर ते छाटले जातात आणि आवाज फाटतो. जुन्या, दबक्या मुद्रणात मात्र छतापर्यंत भरपूर जागा असते. तिथे व्हीएलसीत आवाज 200 टक्क्यांपर्यंत नेता येतो आणि बोलण्याला तो छान पेलतो. वडिलांनी कॅसेटवरून उतरवून घेतलेली कीर्तनं मी अशीच ऐकते आहे. बुवांच्या मागे झांज वाजते हे मला आत्ता कळलं!

मग इक्वलायझर. याच्या वाटेला मी कधी गेले नव्हते, ते रंगीत दांडे बघूनच धसका बसायचा. पण याच्यामागे 1933 सालची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी माणसांना वेगवेगळे सूर ऐकवून मोजलं, की कोणत्या पट्टीतला आवाज किती जोरात केला तर तो इतरांइतकाच मोठा वाटतो. निघालं असं की आपला कान तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तिखट असतो. कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या घरात, ती नेमकी त्याच भागात घुमते. खर्जाला मात्र तेवढाच मोठा वाटायला कितीतरी जास्त जोर लागतो, आणि लोकलचा घरघराट तर खर्जातलाच. मग तिथे झुंजायचं कशाला? मी खालचे दोन दांडे किंचित उतरवले, दोन ते चार हजारांमधले तीन-चार डेसिबलने चढवले. आवाजाचा पट्टा जागचा हलला नाही, पण शब्दांना धार आली. ‘त’ आणि ‘च’ कडकडीत उमटायला लागले. खर्ज उतरवायचा यासाठीही, की वर छताशी जागा मोकळी होते आणि फाटाफाट टळते.

वायरवाल्यांचं दुखणं वेगळं. भाच्याकडे स्टुडिओतले 250 ओहमचे हेडफोन आहेत, फोनला लावले की डास गुणगुणल्यागत. एक व्होल्ट दिला तर 32 ओहमच्या हेडफोनला 31 मिलिवॉट मिळतात आणि 250 वाल्याला जेमतेम चार. त्यावर सेटिंग चालत नाही, चांगला टाइप-सी डोंगल किंवा छोटा ॲम्प्लिफायर लागतो. पण एलजीच्या जुन्या व्ही-मालिकेतल्या फोनांची त्याने सांगितलेली गंमत ऐकाच. हे फोन जॅक खोचल्यावर हेडफोनचा इम्पिडन्स, म्हणजे हेच ओहम, मोजायचे आणि त्यावरून किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवायचे. मग पठ्ठे लोक आधी नुसतीच एक्स्टेन्शन केबल खोचायचे. फोनला वाटायचं बाहेरचं काही मोठं यंत्र जोडलंय, तो जास्त जोर लावायचा, आणि मागाहून हेडफोन जोडले की सगळा जोर कानाला! एलजीने 2021 मध्ये फोन बनवणंच बंद केलं, नाहीतर मी एखादा घेतला असता, खरंच सांगते, केवळ या लबाडीसाठी.

आणि आता सगळ्यात मोठा शोध, ज्यात ना ॲप ना टिचक्या. माझा डावा बड उजव्यापेक्षा हळू होता. ॲक्सेसिबिलिटीमध्ये डावं-उजवं असा एक पट्टा असतो, तो चुकून सरकलाय का पाहिलं; ठिपका बरोबर मध्ये. मग रबरी टोपी काढून बड टॉर्चखाली धरला. आतली जाळी म्हणजे नखाच्या टोकावर मावेल एवढी, आणि तिच्या अर्ध्याहून अधिक भागावर पिवळट, मेणचट पापुद्रा. घरी नवा, मऊ, कोरडा टूथब्रश घेतला. बडचं तोंड जमिनीकडे ठेवून खालून अलगद घासलं, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडतो. टाचणी घालायची नाही, पाणी-स्पिरिट काही ओतायचं नाही. हळूहळू जाळीची बारीक चांदीसारखी वीण दिसायला लागली. बड कानात घातला आणि डावी बाजू उजवीच्या वर गेली! मग उजवाही घासला. मग घरातल्या सगळ्यांचे. नवऱ्याच्या बडमधून जे निघालं त्याचं वर्णन मासिकात करता येणार नाही.

टोप्यांचंही तसंच. डबीत तीन मापांच्या येतात आणि आपण कंपनीने चढवलेली मधलीच आयुष्यभर वापरतो. बड कानात हलकेच दाबून बघा: दाबल्यावर खर्ज भरून आला तर टोपी सैल आहे, खर्ज फटीतून पळतोय आणि बाहेरचा कलकलाट त्याच फटीतून आत येतोय. माझ्या उजव्या कानाला मोठी टोपी लागते, डाव्याला मधली. दोन्ही कान वेगळ्या मापाचे असतात हे मला या वयात कळावं! नीट बसल्यावर गाडी लांब गेली, डब्यातली भांडणं लांब गेली, आणि गंमत म्हणजे मी पट्टा खाली आणला. सात टिचक्या मारून मिळवलेला सगळा आवाज मला लागेनासाच झाला.

बरंच झालं म्हणायचं, कारण या खेळाचा हिशेब कडक आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 ला पोचलात की पंधरा मिनिटं. कल्याण ते दादरलासुद्धा पुरायची नाहीत! जागतिक आरोग्य संघटनेचा 2018 चा निकष आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल असा आहे, मुलांसाठी 75. फोन मधूनच ‘आवाज फार मोठा आहे’ म्हणून आडवा येतो तो उगाच नाही. अँड्रॉइड 14 मध्ये तर कानात एकूण किती ध्वनी गेला याची बेरीज ठेवण्याची सोय आली आहे. भाचा त्याला कानाचं पासबुक म्हणतो.

लेडीज डब्यात आता माझं बरं चाललंय. दिवा येईपर्यंत कुणीतरी फोन पुढे करतंच, “ताई, माझंही बघा ना.” मी आधी टॉर्च काढते. बिल्ड नंबरपर्यंत क्वचितच जावं लागतं.

एक मात्र राहिलंय. त्या डेव्हलपर ऑप्शन्सच्या यादीत ‘ब्लूटूथ ऑडिओ कोडेक’ अशी ओळ आहे, आत एसबीसी, एएसी, एलडॅक अशी नावं, आणि एलडॅकमध्ये पुन्हा 330, 660, 990 असे आकडे. त्याने आवाज मोठा होत नाही, फक्त तपशील वाढतो, आणि तुझ्या बड्सना ते झेपणारही नाही, असं भाच्याने बजावून सांगितलंय. रविवारी दुपारी सगळे झोपले की मी ते करून बघणार आहे.