बोटीची चाल

खेळण्यातल्या बोटीला विजेची मोटार कोणती बसवावी, हा प्रश्न दिवाळी अंकात मांडण्याजोगा आहे काय, अशी शंका वाचकांना आली तर त्यात त्यांचा दोष नाही. फराळाच्या ताटाशेजारी उघडला जाणारा हा अंक. त्यात प्रेमाबद्दल लिहावे, पावसाबद्दल लिहावे, गेला बाजार म्हाताऱ्या आत्याबद्दल लिहावे. पण मला विचाराल, तर माणूस वस्तू कशी निवडतो यावरून त्याची जितकी पारख होते, तितकी तो प्रेम कोणावर करतो यावरूनही होत नाही. प्रेमात निवड फारशी आपल्या हाती नसते. मोटारीच्या बाबतीत ती सगळी आपल्याच हाती असते.

आणि हा विषय वाटतो तितका पोरकटही नाही. रशियात नेवा नदीवर याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने १८३८ साली विजेच्या मोटारीवर होडी चालवून दाखवली. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याचा हौद भरून त्यात एक लहानशी बोट सोडली, आणि तिला हात न लावता, तारेशिवाय ती हवी तशी फिरवली. पाहणारे थक्क झाले. दूरवरून यंत्र हाकण्याची विद्या जगाने प्रथम पाहिली ती अशी एका छोट्या बोटीच्या रूपाने. म्हणजे आम्हा हौशी मंडळींची कुळी तशी बरी आहे!

ही बोट निवडण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग मोटारीकडून बोटीकडे जातो आणि दुसरा बोटीकडून मोटारीकडे. पहिला माझ्या भाच्याचा. तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो, आणि मुंबईला आला की लॅमिंग्टन रोडवर चक्कर टाकल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. मी बोट बांधायला घेतली आहे हे कळताच तो म्हणाला,

“मामा, तू फक्त सांग, मी ब्रशलेस मोटार आणतो. तीन सेलची लिपो बॅटरी. पाण्यावरून नुसती उडेल तुझी बोट!”

“पण उडवायची आहे कोणाला?” मी म्हटले.

“म्हणजे?” त्याने अशा नजरेने पाहिले, की मी जणू भाकरी खायची नाही असे म्हणालो होतो.

त्याच्या मार्गावर त्याचे काही चुकत नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. त्याची स्वतःची बोट सव्वीस इंची, तळाला उतरत्या कोनाची आणि वजनाला दोन किलोच्या आत. अशी बोट वेग घेतला की पाणी कापत जात नाही. पाण्यावर चढते आणि घसरत सुटते. तिला शक्ती द्यावी तितकी ती घेते. ब्रशलेस मोटारीवर ‘केव्ही’ म्हणून एक आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ, एका व्होल्टला मोकळी मोटार मिनिटाला किती फेरे घेईल. भाच्याच्या मोटारीवर २००० लिहिले आहे आणि बॅटरी आहे ११.१ व्होल्टची, म्हणजे मिनिटाला बावीस हजार फेरे! मोटार तापते म्हणून तिच्याभोवती नळी गुंडाळून तिच्यातून तळ्याचेच पाणी खेळवायचे. चाळीस अँपिअरने वीज ओढली की पाच अँपिअर-तासांची बॅटरी सात-साडेसात मिनिटांत रिकामी. त्या सात मिनिटांत मात्र काठावरच्या पोरांच्या आरोळ्यांनी बगळे उठून जातात. त्या बोटीला ती मोटार शोभते. लग्नाच्या वरातीला बँड शोभतो तशी.

माझी बोट निराळी होती. आमच्या खाडीवर पूल होण्यापूर्वी जी प्रवासी लाँच या काठावरून त्या काठाला जात असे, तिची ही प्रतिकृती. मूळ लाँच चाळीस फुटी, लाकडी, भरलेली असताना सोळा टन वजनाची. पूल झाला, प्रवासी एस्टीने जाऊ लागले, आणि लाँच मोडीत निघाली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्या लाँचवर एकतीस वर्षे इंजिनड्रायव्हर होते. मोजमापे त्यांनीच सांगितली. ऐंशी ओलांडलेल्या या माणसाला काल काय जेवलो ते आठवत नाही. पण नाळेपासून इंजिनघरापर्यंत किती फूट, हे ते डोळे मिटून सांगतात.

मी बोट सोळाव्या हिश्शाने बांधली. तेव्हा लांबी झाली तीस इंच. आता ती किती वेगाने जावी? प्रथमदर्शनी वाटते, वेगही सोळाव्या हिश्शाने घ्यावा. मूळ लाँचचा वेग ८ नॉट. म्हणजे प्रतिकृतीचा अर्धा नॉट. पण अर्ध्या नॉटने जाणारी बोट पाण्यावर तरंगणाऱ्या नारळासारखी दिसते. तिच्या नाळेशी लाट उठत नाही, मागे वळी पडत नाहीत. हे कोडे विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने सोडवले. १८७२ च्या सुमारास टॉर्की गावी आपल्या घराजवळ त्याने एक लांबलचक हौद बांधला आणि त्यात मेणाच्या जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. त्याचा नियम असा, की लांबी ज्या हिश्शाने कमी केली, वेग त्याच्या वर्गमुळाच्या हिश्शाने कमी करावा. मग लाटांचा आकार जुळतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण सोळाचे वर्गमूळ चार, एवढे काढायला तेवढे पुरते. आठाला चाराने भागा. २ नॉट, म्हणजे सेकंदाला एक मीटर. काठावरून सावकाश चालणाऱ्या माणसाचीच गती!

बरे, याहून वेगाने नेऊ म्हटले तरी ती जाणार नाही. पाणी कापत जाणाऱ्या बोटीच्या नाळेशी एक लाट उठते आणि मागे दुसरी. वेग वाढला की दोन लाटांमधले अंतर वाढते. ते बोटीच्या लांबीइतके झाले, की बोट आपल्याच लाटांच्या खळग्यात अडकते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यावी, वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. येईल तो तिच्या आवाक्यातला नॉटमधला वेग. मूळ लाँचची ही लांबी छत्तीस फूट. सहाला १.३४ ने गुणले की येतात आठ. प्रतिकृतीची सव्वादोन फूट. दीडाला गुणले की येतात दोन. दोन्हीकडून हिशेब एकच. यापुढे मोटार कितीही मोठी घ्या. बोट पुढे जायची नाही, नुसती शेपूट खाली बसवून नाळ वर करील. अंगापेक्षा बोंगा मोठा झाला की माणसाचेही असेच होते.

वजनाचा हिशेब याहून गमतीचा. तो घनाने चालतो. सोळाचा घन ४०९६. सोळा टनांना त्याने भागले की सुमारे ३.९ किलो. बोट एवढी भरली तरच ती खऱ्या लाँचइतकी पाण्यात बसेल. हलकी राहिली तर बदकासारखी डुचमळेल. लाकूड, मोटार, सुकाणू, सगळे मिळून माझ्या बोटीचे वजन भरले सव्वादोन किलो. दीड किलोहून अधिक वजन मला बाहेरून घालायचेच होते.

इथे भाच्याचा आणि माझा खरा वाद झाला. लिथियमची लिपो बॅटरी हलकी. तिच्या एका सेलचे ३.७ व्होल्ट, आणि ताकद अशी की मुठीएवढी वस्तू उसाच्या गाडीसारखे काम करते. पण तिचा स्वभाव तिखट. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, त्यापुढे भरायचा नाही, आणि तीनाच्या खाली उतरू द्यायचा नाही. टोचली, फुगली, जादा भरली, तर पेट घेते. तिला भरत ठेवून बाजाराला जाता येत नाही. उलट शिशाची बंद बॅटरी जड, मंद आणि सोशिक. वीज गेल्यावर आपण जो इमर्जन्सी दिवा लावतो, त्याच्या पोटात ६ व्होल्ट, साडेचार अँपिअर-तासांची असते तीच. गावातल्या दुकानात मिळते.

“मामा, पण ती पाऊण किलोची आहे रे!” भाचा म्हणाला.

“म्हणूनच घ्यायची,” मी म्हटले. “दोन घेतल्या की दीड किलो. शिसे वेगळे विकत घेऊन तळाला घालण्यापेक्षा वीज देणारे शिसे घालतो.”

यावर तो गप्प बसला. जडपणा हा सगळीकडे दोषच असतो, असे आपण धरून चालतो. पण काही बोटींना आणि काही माणसांना तोच स्थिर ठेवतो.

एवढे ठरल्यावर पुढचे आपोआप ठरत गेले. सेकंदाला एक मीटर जाण्यासाठी चाळीस मिलिमीटरचा पंखा मिनिटाला तीनएक हजार फेरे फिरला की पुरे; म्हणून मोटार साधी कार्बन ब्रशची, ६ व्होल्टवर मोकळी असताना चार हजारांच्या आसपास फिरणारी. पंख्याचा वेग दुप्पट केला तर शक्ती आठपट लागते. म्हणून घाई करणाऱ्या मोटारीला मोठा पंखा लावणे म्हणजे बैलाला टांग्याला जुंपणे. न्हाणीघरातल्या टाकीत बोट हाताने धरून मोटार पूर्ण सोडली आणि मधे अँमीटर धरला: दीड अँपिअर. पंख्यात शेवाळ अडकले तर हा आकडा एकदम चढेल आणि मोटार जळेल, म्हणून तीन अँपिअरचा फ्यूज घातला. दोन बॅटऱ्या जोडून नऊ अँपिअर-तास होतात. हा आकडा वीस तास सावकाश वापराचा असतो; भराभर ओढले की तो घटतो. तरीही चार तास बोट आरामात चालेल. भाच्याची सात मिनिटे आणि माझे चार तास!

एका गोष्टीत मात्र मी कंजुषी केली नाही. मोटारीकडे किती वीज जावी हे ठरवणारा जो नियंत्रक असतो, तो मी मोटारीच्या भुकेपेक्षा कितीतरी मोठा घेतला, आणि उलटे फिरवणारा घेतला. शर्यतीच्या बोटीला मागे यायचे कारण नसते. लाँचला असते. लाँचचे सारे कसब धक्क्याला लागण्यात आहे: वेग कमी करायचा, इंजिन बंद करायचे, मग थोडे उलटे फिरवायचे, आणि पाण्यावरची ती सोळा टनांची वस्तू पायरीशी अशी आणून ठेवायची, की कोंबड्यांची पाटी घेतलेली म्हातारी न धडपडता उतरेल.

हे मला आबांनी शिकवले. आमच्या लाँचवर सारंग वर सुकाणूपाशी असे, आणि आबा खाली इंजिनाशी. दोघांमध्ये एक दोरी आणि एक घंटा. टोले पडतील तसे पुढे, मागे, बंद. आबांना वरचे काही दिसत नसे. धक्का किती जवळ आला, लाट कशी आहे, काठावर कोण उभे आहे, काही नाही. डिझेलचा वास, कान बधिर करणारा आवाज आणि घंटा. एकतीस वर्षांत लाँच हजारो वेळा धक्क्याला लागली. प्रत्येक वेळी ती आबांच्या हाताने लागली, आणि एकदाही त्यांनी ते पाहिले नाही. ते वर येत तोवर दोर बांधलेला असे आणि माणसे उतरत असत. ही गोष्ट त्यांनी मला बोट बांधताना, बोलण्याच्या ओघात सांगितली. तक्रार म्हणून नव्हे. इंजिनघर कुठे आणि झरोका कुठे हे विचारत होतो, तेव्हा म्हणाले, “झरोका कसला? झरोका नव्हता.”

त्या दिवसापासून मोटारीबद्दलचा माझा निर्णय पक्का झाला. मला वेग नको होता, मला ती चाल हवी होती. कादंबरी लिहितानाही मी हेच करतो. माणूस कुठे पोचायचा आहे हे आधी ठरवतो, मग त्याला पाय देतो.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या तळ्यावर आम्ही बोट पाण्यात सोडली. आबांना खुर्चीवरून नेले. ते शेवटच्या पायरीवर बसले. भाच्याने नियंत्रक माझ्या हातून घेतला. पोराचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. लाँच तळ्याच्या मध्यावर गेली, वळली आणि परत निघाली. नाळेशी तेवढीच लाट, मागे तेवढीच वळी. पायरीपासून दोन हातांवर भाच्याने मोटार बंद केली, मग जराशी उलटी फिरवली. पाणी मागे घुसळले, आणि लाँच पायरीला टेकली. आवाज झाला नाही.

आबा बराच वेळ तिच्याकडे पाहत होते. मग म्हणाले, “अशी लागत होती होय?”

आणखी काही बोलले नाहीत. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी पायरीवर बोटाने टोले द्यायला सुरुवात केली, आणि भाचा त्यांच्या टोल्यांवर बोट चालवू लागला. त्या संध्याकाळी किती खेपा झाल्या, ते मी मोजले नाही. अंधार पडल्यावर निघालो, तेव्हा आबांनी बॅटऱ्यांकडे बोट दाखवून मला बजावले, “आज रात्रीच भरून ठेव. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की मरते.”

शिशाच्या बॅटरीबद्दल हे अगदी खरे आहे. मी रात्रीच ती भरायला लावली.