डोळ्याची इजा दुखण्यावर मोजू नका

तूर सोंगायचे दिवस आहेत, म्हणून आज पिकाऐवजी डोळ्याचं लिहितो.

मागच्या हंगामात शेजारच्या वावरात सोंगणीला आलेल्या एका काकूंच्या डोळ्याला तुराटी लागली. दोन दिवसांत बरं वाटलं, त्या कामावर आल्या. रोज बुडवून दवाखान्यात कोण जाणार? पाचव्या दिवशी डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. दुकानातून ड्रॉप आणला, लाली उतरली. दहाव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका! डोळा राहिला, पण त्या डोळ्याने आता सुईत दोरा ओवता येत नाही.

तुराटी, पऱ्हाटी, कुटार यांच्यासोबत बुरशी डोळ्यात जाते. ती सावकाश वाढते, म्हणून सुरुवातीला बरं वाटतं. त्यात स्टेरॉइडचा ड्रॉप पडला की लाली दबते आणि बुरशी फोफावते. पिकावर बुरशी आली तर आपण कीटकनाशक मारतो का? डोळ्याचंही तसंच. बुरशीचं औषध वेगळं असतं आणि ते कित्येक आठवडे घालावं लागते.

उलट, साधी धूळ किंवा बारीक खडा गेला तर डोळा भयंकर चुरचुरतो, पण वरवरचा ओरखडा बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत भरतो.

वखराची पास ठोकताना लोखंडाचा कण उडाला, तर कधी कधी फारसं दुखतही नाही आणि कण मात्र आत गेलेला असतो. असा डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊ नका. रुतलेलं काही असेल तर उपसू नका. वरून कागदी कप धरा आणि निघा.

चुना किंवा फवारणीचं औषध उडालं तर मात्र आधी पाणी. जागेवरच, पापण्या उघड्या धरून, निदान वीस मिनिटं. चुना आत आत जाळत जातो. दवाखाना त्यानंतर. 2017 च्या खरिपात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते कोणी विसरलं नसेल.

काडी लागली, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. आपल्याकडे सेवाग्राम आणि सावंगीला डोळ्यांचे विभाग आहेत. आणि मजूर लावणाऱ्यांनो, विळा जसा देता तसा साधा चष्माही द्या. कोणाला लागलं तर त्या दिवसाचा रोज कापू नका. रोज बुडेल या भीतीनंच तर माणूस दुखणं अंगावर काढतो.