सकाळी नखरे करणारी गाडी



प्राचार्यांनी दर अंकात परीक्षा, शिस्त आणि पालकांचे सहकार्य यांवर चार शब्द लिहावेत असा आपल्या वार्तापत्राचा प्रघात आहे. या वेळी संपादक मंडळाची परवानगी घेऊन मी एका ट्रकबद्दल लिहिणार आहे. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी ती घरची, तेव्हा भाषेत इंदुरी हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावे. आणखी एक. पुढे ज्या पालकांचा उल्लेख येतो त्यांना विचारूनच मी हे लिहिते आहे. नाव सांगणार नाही, आणि आपणही शोधू नये ही विनंती.

गोष्ट 2022 च्या डिसेंबरातली. आमच्या चिरंजीवांनी बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षे एका दुकानात हिशेब लिहिले आणि एका रात्री जेवताना जाहीर केले की नोकरी सोडतो, ट्रक घेतो. पहाटे चोइथराम मंडीतून भाजी, बटाटा उचलायचा आणि महू, पीथमपूर, देवासला पोहोचवायचा. ह्यांनी ताटावरून मान वर केली नाही. मी मात्र रात्रभर विचार केला आणि निवृत्तीनंतर कामी यावी म्हणून ठेवलेली मुदत ठेव मोडली. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हतीच. जुनी टाटा 407 घ्यायचे ठरले. ही गाडी 1986 पासून रस्त्यावर आहे, तिचे सामान कुठेही मिळते, आणि मिस्त्री तिला डोळे मिटून उघडतात असे सगळे सांगत होते.

गाडी सापडली ती आपल्याच शाळेतल्या सातवीच्या एका मुलीच्या वडिलांकडे. 2011 चे मॉडेल, सौदा साडेतीन लाखांत. मला फार निर्धास्त वाटले. मुलगी आपल्या शाळेत शिकते, ते मॅडमला कशाला फसवतील, असे मनात आले होते हे कबूल करते.

रविवारी सकाळी नऊला वेळ ठरवून बघायला गेलो. गाडी घरासमोरच्या उतारावर उभी, इंजिन चालू. आम्ही येणार म्हणून तयार ठेवली, किती सज्जन माणूस, असे मी मुलाला हळूच म्हटलेसुद्धा! ते म्हणाले, "मैडम, ठंड में सुबह थोड़ा नखरा करती है, बाकी एकदम मक्खन है." आम्ही हसलो. नखरे म्हणजे काय, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही. मग मी कागद तपासले. आर.सी., फिटनेस, विमा, परमिट, टॅक्स, फायनान्स कंपनीची एन.ओ.सी., नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30. तीस वर्षे टी.सी. आणि गुणपत्रिका तपासल्यात, कागदात मला कोणी फसवू शकत नाही. कागद खरोखरच चोख होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला चिरंजीवांनी चावी फिरवली. घर्र घर्र घर्र, आणि काही नाही. पुन्हा घर्र घर्र. पारा दहाच्या खाली होता. समोरच्या घरातला दिवा लागला, मग शेजारचा. शेवटी पाच-सहा जणांनी धक्का मारला तेव्हा गाडी एकदाची खोकली. मंडीतला पहिला माल दुसऱ्या कोणीतरी उचलला होता. दुपारी मात्र हीच गाडी चावी लावताच सुरू. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच तमाशा.

इथे मला माझीच लाज वाटली, कारण मी भौतिकशास्त्राची बाई. हिंदीतल्या पाठ्यपुस्तकात 'संपीडन प्रज्वलन' हा शब्द होता, मी तो मुलांकडून पाठ करून घेतला आहे. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा आधीच्या जागेच्या सोळा-अठराव्या हिश्श्यात दाबली जाते, ती दाबाने पाचशे अंशांच्याही वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तळाचे टोक गरम लागते, तीच गोष्ट. आता थंडीत इंजिनाचे लोखंड गार असते आणि ते ही उष्णता पिऊन टाकते. बॅटरी किंवा सेल्फ कमजोर असेल तर इंजिन हळू फिरते, दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि पुरेशी तापतच नाही. एकदा इंजिन तापले की हे सगळे दोष झाकले जातात. म्हणून जुनी डिझेल गाडी बघायची ती न सांगता, भल्या पहाटे, आणि आधी इंजिनावर हात ठेवून ते गार आहे ना हे पाहून. मला हे सगळे येत होते. फक्त त्या रविवारी सुचले नाही.

चिरंजीवांनी नवी बॅटरी आणली, नऊ हजारांची. मग सेल्फ उघडून त्याचे कार्बन बदलले. फरक नाही. पैसे संपत आले तसा त्याचा आवाज चढत गेला. "आई, तू त्यांना शाळेत बोलाव. तुझ्यासमोर कसे खोटे बोलतात बघू."

मी बोलावले. बाबूंकडून फोन करवला की प्राचार्यांनी भेटायला सांगितले आहे, कारण सांगू नका.

ते दुसऱ्या दिवशी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मुलीच्या फीच्या पावत्या, पहिल्या इयत्तेपासूनच्या सगळ्या. बसा म्हटले तरी बसले नाहीत. "मैडम, गुड़िया ने कुछ किया क्या?"

मी गाडीचे बोलले. ऐकून त्यांचा चेहरा आधी सुटला आणि मग अधिकच उतरला. खिशातून नोटा काढून टेबलावर ठेवू लागले. म्हणाले, आत्ता एवढेच आहेत, महिन्याभरात दहा हज़ार लौटा देता हूँ, बच्ची का नाम मत काटिएगा. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, 2009 च्या शिक्षणाच्या अधिकाराच्या कायद्यानेच मनाई आहे. हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक नसावे म्हणूनच तर मी त्यांना घरी न बोलावता या खोलीत बोलावले होते. नोटा मी परत त्यांच्या हातात दिल्या. हा शाळेचा विषय नाही, मी इथे बोलवायला नको होते, मुलाशी घरी येऊन बोला, असे सांगितले. माझ्या मते मी माफीच मागितली, पण त्यांना ती तशी ऐकू आली की नाही, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते आमच्या दारात. "सेल्फ मारो," म्हणाले, आणि स्वतः मागे जाऊन सायलेन्सरकडे बघत उभे राहिले. धूर नाही. "सफेद धुआँ आए तो समझो डीज़ल जा रहा है, जल नहीं रहा. यहाँ तो जा ही नहीं रहा." मग बॉनेट उघडून फीड पंपाचा हँडपंप तीस-चाळीस वेळा मारला, एक नट सैल करून फेस बाहेर पडू दिला, नट कसला. चावी फिरवताच गाडी सुरू. दोन वर्षे ते रोज हेच करत होते. घाई असली की उतारावरून सोडून द्यायचे. त्यांच्या लेखी हा बिघाड नव्हताच, सवय होती. मग त्या रविवारी गाडी आधीच तापवून का ठेवली होती, हे मी विचारले. ते म्हणाले, "बेचनी थी, मैडम."

नंतर देवास नाक्याच्या मिस्त्रीने टाकीकडून येणाऱ्या नळीच्या जागी एक पारदर्शक नळी लावली तेव्हा तिच्यातून बुडबुडे धावताना आम्ही डोळ्यांनी पाहिले. टाकीजवळच्या रबरी नळीला बारीक चीर होती आणि फिल्टरवरचे तांब्याचे वायसर बसले होते. रात्रभरात गाडी 'एअर' घ्यायची आणि लाइनमधले डिझेल परत टाकीत उतरायचे. एकूण खर्च साडेसहाशे रुपये. गार असताना थोडा पांढरा धूर मात्र राहिला. रिंगा घासल्या आहेत, दीड-दोन वर्षांत इंजिन उघडावे लागेल, असे मिस्त्री म्हणाला, आणि 2024 च्या पावसाळ्यात ते उघडावे लागलेच. तो खर्च सांगत नाही, ह्यांना अजून पूर्ण आकडा ठाऊक नाही.

त्या पालकांनी चिरंजीवांना दोन हप्त्यांत पाच हजार दिले. मला वाटते घ्यायला नको होते. चिरंजीवांना वाटते दहाच घ्यायला हवे होते. यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ती मुलगी आठवीच्या समूहनृत्यात होती. पडद्यामागे वेणी घालता घालता तिने मला विचारले, "मॅडम, आमची गाडी सकाळी सुरू होते का?"

म्हटले, "हो, लगेच होते."

"मग पापांना सांगू नका हं," ती म्हणाली आणि नाचायला पळाली.