स्टेपनीविना

स्टेपनी हा शब्द आमच्या माळव्यात इतका घरचा झाला आहे की तो परका असेल अशी शंकाही कोणास येत नाही. वस्तुतः ते वेल्समधील लॅनेली गावच्या एका रस्त्याचे नाव. तेथील स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी मोटारीची जादा चाके करून विकण्याचा उद्योग आरंभिला. कारण त्या काळी मोटारीबरोबर जादा चाक मिळतच नसे. विलायतेत तो शब्द जवळजवळ लोपला, आपण मात्र तो जपला. आता शब्द राहिला आहे आणि वस्तू चालली आहे.

शासकीय नोकरीत आम्ही अनेक वर्षे निमाडात जीपने दौरे केले. निघताना आमचा वाहनचालक डिझेलच्याही आधी स्टेपनीतली हवा पाही. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा व दुरुस्तीचे किट असल्यास साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीस स्टेपनीची सक्ती उरली नाही. डिकीत जागा होते, विजेच्या गाडीत बॅटरीस जागा मिळते, हे खरेच आहे. आमच्या पुतण्याची नवी गाडी अशीच बिनस्टेपनीची.

गेल्या वर्षी ज्येष्ठ बंधूंच्या अस्थी घेऊन आम्ही इंदूरहून महेश्वरास निघालो होतो. मागे वहिनी, त्यांच्या मांडीवर कलश. घाटावर गुरुजींना अकराची वेळ दिलेली. धामणोद सोडून महेश्वरच्या रस्त्याला लागलो, तोच समोरचा दिवा पेटला आणि गाडी डावीकडे बसू लागली. पुतण्याने ती सावकाश कडेच्या सपाट जागेवर घेतली, चारी दिवे लुकलुकते ठेवले आणि मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण उभा केला. बसलेल्या टायरवर गाडी दामटली तर टायर आतून चिरडतो आणि रिमही वाकते; तेथे थांबणे हाच शहाणपणा.

मग किट निघाले. एक छोटा कॉम्प्रेसर, तो गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटला जोडायचा. आणि पांढऱ्या द्रवाची बाटली. हा द्रव टायरमध्ये जाऊन भोक बुजवितो. खिळा रुतला असल्यास तो उपटू नये, तसाच ठेवून द्रव भरावा, दाब दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे करावा, चार-पाच किलोमीटर हळू जाऊन पुन्हा तपासावा. परंतु हे सारे जमिनीला टेकणाऱ्या भागातील चार-सहा मिलिमीटरच्या भोकापुरते. आमचा टायर धारदार दगडाने बगलेत चिरला होता. कॉम्प्रेसर घरघरत राहिला आणि पांढरा द्रव चिरेतून धुळीत ओघळला.

चाक काढून न्यावे, तर जॅक नाही! ज्या गाडीत बदलायला चाकच नाही तिला जॅक कशाला, असा कारखान्याचा हिशेब असावा. फायलीवर तो बरोबरच दिसतो. अखेर कापूस नेणारा एक पिकअपवाला थांबला. त्याच्या जॅकवर गाडी उचलली, उरलेल्या चाकांना दगडांची अटकण दिली, आणि पुतण्या चाक घेऊन त्याच्याच गाडीतून धामणोदला परतला.

आम्ही निंबाखाली बसलो. अस्थी जमिनीवर ठेवू नयेत हा घरचा दंडक. वहिनींनी दीड तास कलश हातांतून सोडला नाही. आम्ही दोनदा हात पुढे केला, तेव्हा म्हणाल्या, "असू द्या भावजी. जन्मभर यांनी आम्हाला घाई केली. बसू देत थोडे."

पंक्चरवाल्याने पाहताच सांगितले की हा टायर गेला. परंतु कसे आहे ते ऐकून त्याने चिरेवर आतून जाड रबराचा तुकडा लावला आणि ट्यूबलेस टायरात चक्क ट्यूब घातली. "चालीस के ऊपर मत ले जाना, और इंदौर पहुँचके टायर बदल लेना," एवढे त्याने दोनदा बजावले. रस्त्याच्या कडेला खांबावर जुना टायर टांगून बसलेल्या या माणसांविषयी आमच्या मनात नोकरीपासूनच आदर आहे. त्यांना आपल्या कामाची मर्यादा ठाऊक असते आणि ती ते गिऱ्हाइकाला सांगतात. किटच्या डब्यावरही ती मर्यादा छापलेली होती. पण इतकी बारीक की आमच्या वयाच्या माणसाने भिंग घेऊनच प्रवास करावा.

गुरुजी एक वाजेपर्यंत घाटावर थांबले होते. विसर्जन यथासांग झाले. परतताना चाळीसच्या वेगाने घाट चढायला लागलेला वेळ वहिनी झोपून गेल्या.

त्याच आठवड्यात पुतण्याने एक चाक, जॅक आणि पाना विकत घेतला. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीचा १०३३ हा क्रमांक आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून गाडीत चिकटविला. बाटली नवी आणली. तिलाही औषधासारखी मुदत असते. चाकासाठी डिकीत खळगा नाही, म्हणून ते पट्ट्याने आवळून ठेवावे लागते आणि निम्मी जागा त्यातच जाते. वर्षश्राद्धाला महेश्वरास जाताना फराळाचे डबे मागच्या सीटवर वहिनींच्या शेजारी होते.